नवरदेव पुन्हा चुकला आणि नानाची मिशी

"पिक्चरात मी नसलो तर ही मिशी उतरवीन!"

मुरारीनानाने भर गावकीच्या बैठकीत, देवळापुढच्या सहाणेच्या दगडी ओट्यावर उभं राहून हे सांगितलं, आणि वर मिशीला पीळही भरला. आता मला सांगा, कुणी विचारलं होतं का? नव्हतं! बैठक पाण्याच्या टाकीची होती. पण गावकीचा अध्यक्ष सयाजीदादा मध्येच बोलला, "मुरारी, पिक्चरवाले लोक काय, काढतात दहा आन् दावतात एक. तुजा काय भरवसा?" झालं! सयाजीदादा नानाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या मिशा एकाच वळणाच्या, आणि कुणाची जास्त झुपकेदार यावरून वीस वर्षं धुसफूस. त्यात हे वाक्य. नाना पेटला आणि मिशी पणाला लावून बसला.

तशी नानाची बाजू भक्कम होती. आठ वर्षांपूर्वी आंबेनळी घाटात 'नवरदेव चुकला' या विनोदी पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. नाना सासुरवाडीला गवत कापायला गेलेला. डोक्यावर भारा घेऊन तो आपला रस्त्याने चालला होता. पिक्चरातल्या नवरदेवाने मोडक्या गाडीतून मुंडकं बाहेर काढून विचारलं, "काका, महाबळेश्वर किती लांब?" नानाला वाटलं, माणूस खरंच विचारतोय. त्याने गाडीकडे एकदा नीट बघितलं आणि खरं तेच सांगितलं, "चालत गेलास तर सांजपत्तूर पोचशील. हिच्यातनं गेलास तर माझ्यानं सांगवत नाय!"

हे वाक्य सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. लोकांनी मोबाईलवर टाकलं, कुणी टी-शर्टवर छापलं. पोलादपूरच्या बाजारात नानाला लोक थांबवून विचारायचे, "काका, महाबळेश्वर किती लांब?" आणि नाना न कंटाळता उत्तर द्यायचा. त्याची बायको आवडी मात्र दर वेळी म्हणायची, "गवत माझ्या भावाचं व्हतं. त्येचं नाव कोन घेत नाय!"

तर आता दुसरा भाग यायचा होता, 'नवरदेव पुन्हा चुकला'. गेल्या दिवाळीनंतर कंपनीची माणसं स्वतः वाडीवर येऊन नानाला घेऊन गेली होती. दोन दिवस शूटिंग झालं. खुर्ची मिळाली, छत्री धरायला माणूस मिळाला. म्हणून नाना एवढा ताठ होता.

शुक्रवारी पिक्चर महाडला लागला. गावकीने ठराव केला, घरटी एक माणूस जायचं. आमच्याकडे रस्ता दुरुस्त करायचा असो, कुणाचं लग्न असो नाहीतर मयत, घरटी एक माणूस हा नियम. तसं पिक्चरलाही. बावीस घरं, बावीस माणसं, सकाळच्या एसटीने निघाली. नानाने लग्नातला कोट घातला होता. मिशीला तेल लावलं होतं.

पिक्चर सुरू झाला. नवरदेव पुन्हा चुकला. अर्धा पिक्चर गेला, नाना नाही. घाट आला, नाना नाही. गुरं आली, गवत आलं, भाराही आला, पण भाऱ्याखाली भलताच माणूस! बावीस जण मागेपुढे बघायला लागले. सयाजीदादा अंधारात खोकला. त्या खोकल्याचा अर्थ नानाला बरोबर कळला.

शेवटी एकदाचं नवरदेवाचं लग्न लागलं. अक्षता पडल्या, सगळे नाचायला लागले. सयाजीदादाने घड्याळ बघितलं.

"उठा रे! सव्वापाच झाले. गाडी जाईल!"

महाडहून आमच्याकडे येणारी शेवटची एसटी साडेपाचची. ती गेली तर वाडीवर चालत. "थांब की वाईच," नाना म्हणाला. "लगीन लागलं, आता काय र्‍हायलंय?" सयाजीदादा म्हणाला. आणि एक उठला की सगळे उठले पाहिजेत, हाही गावकीचा नियमच! बावीस माणसं ओळीने पडद्यासमोरून निघाली. मागचे ओरडत होते, "अहो, खाली बसा!" पण आमचे लोक बसतात कुठले!

एसटीत नाना कोटाची बटणं सोडत बसला. इतर बोलले. वरंधच्या कुणाला तरी भाऱ्याखाली घातलं असणार, असं एकाचं म्हणणं. कंपनीने आपल्या वाडीचा अपमान केला, असं दुसऱ्याचं. पोलादपूर येईस्तोवर सगळी गाडी तापली होती. कंडक्टरसुद्धा म्हणाला, "निषेध झाला पायजे!"

वाडीवर उतरल्यावर सयाजीदादाने नानाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "जाऊ दे मुरारी. मिशीचं काय मनावर घेऊ नको. आमी माफ केली."

माफ केली! एक वेळ 'उतरव' म्हणाला असता तर नानाने भांडण काढलं असतं, वेळ मारून नेली असती. पण माफ? सयाजीने? शनिवारी सकाळी नाना पोलादपुरात मोरू न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. मोरूने तीनदा विचारलं, "नाना, बारीक करू की समदीच?" नाना म्हणाला, "समदी! आन् आरसा फिरव तिकडं!"

घरी आला तेव्हा आवडी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"कोन पायजे? ते घरात नायत."

"आगो, मी हाय!"

आवडीने सूप खाली ठेवलं. बराच वेळ बघितलं. "अगो बाई! माझ्या सासूबाईवानी दिसताय!" म्हणाली आणि पदर तोंडावर धरून आत पळाली. ती रडत होती की हसत होती हे नानाला शेवटपर्यंत कळलं नाही.

इकडे सयाजीदादाचा मुलगा ओंकार, महाडच्या एमआयडीसीत कामाला, त्याने वेगळाच उद्योग करून ठेवला होता. शुक्रवारी तो कामावरून त्याच एसटीने परतला होता, आणि उतरल्या उतरल्या त्याने सगळ्यांना देवळापुढे उभं करून व्हिडिओ काढला होता. नाना मधोमध, मिशीसकट, आणि बाकीचे मुठी वर करून: "नानाचा सीन कापणाऱ्या कंपनीचा निषेध असो!" मिशी उतरली तोवर हा व्हिडिओ नागपूरपर्यंत पोचला होता.

आणि मग लोक जे चवताळले! ओंकार नानाच्या पडवीत बसून एकेक वाचून दाखवत होता.

"नानांसाठी तिकीट काढलं होतं. ग्राहक मंचात जाणार!"

"पिक्चर बघितला नाही, बघणारही नाही. अत्यंत भिकार. एक स्टार!"

"नाना नाही तर नवरदेव कायमचा चुकलेला बरा!"

"ह्यो बघा एक सांगोल्याचा," ओंकार म्हणाला. "म्हनतो, 'अहो, नाना आहेत, शेवटी आहेत.'"

"खोटारडा!" नाना गरजला. "बावीस मानसांनी बगितलाय!"

ओंकारने तेच लिहिलं. त्यावर दोनशे जण सांगोलेकरावर तुटून पडले. कंपनीचा माणूस, विकला गेलेला, घाटावरचा! तो बिचारा शेवटी "माफ करा, मला भास झाला असेल" असं लिहून गप्प बसला. खरं बोलणाऱ्या माणसावर अशी पाळी यावी! पण त्या वेळी पडवीत आम्ही टाळ्या वाजवल्या, हेही सांगितलं पाहिजे.

रविवारी कंपनीचा भरत नावाचा माणूस थेटरात प्रेक्षकांना भेटायला येणार, अशी बातमी आली. लगेच बैठक. या वेळी ठराव मोठा, घरटी दोन! एसटीत मावणार नाहीत म्हणून टेम्पो सांगितला. आवडीही निघाली. "माझ्या भावाच्या गवताचं पन विचारते," म्हणाली. नानाने तोंडाला उपरणं गुंडाळलं. "दात दुकतोय," सांगितलं.

थेटरापुढे ही गर्दी! कॉलेजची पोरं, हातात फलक: 'आमचे नाना परत द्या!' आमचा टेम्पो आला तसा जल्लोष झाला. भरत नुकताच गाडीतून उतरत होता, त्याला चव्वेचाळीस जणांनी घेरलं. सयाजीदादा पुढे झाला.

"आमच्या मानसाला दोन दिस उन्हात उभा केलात, आन् पिक्चरात भलताच भारेवाला? बोला!"

"अहो, पण सीन आहे!" भरत म्हणाला.

"नाय!"

"आहे हो! तुम्ही पिक्चर शेवटपर्यंत बघितलात का?"

"बगितला की! लगीन लागलं, नाच सुरू झाला, आमी उठलो."

"नाच सुरू झाल्यावर उठलात?"

"मंग? लगीन लागल्यावर जेवान तेवढं र्‍हातंय. ते काय तुमी देनार व्हतात?"

भरतने कपाळावर हात मारून घेतला. "अहो दादा, नाचानंतर नावं येतात. नावं संपली की नाना येतात! मुद्दाम शेवटी ठेवलेत, लोक टाळ्या वाजवत बाहेर पडावेत म्हणून!"

बावीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना सयाजीदादाकडे वळल्या.

"माज्याकडं काय बगताय?" सयाजीदादा म्हणाला. "गाडी साडेपाचची हाय, ती काय मी ठेवली?"

भरतने सगळ्यांना आत नेलं. लग्न लागलं. नाच झाला. सयाजीदादाचा हात सवयीने घड्याळाकडे गेला, तो ओंकारने धरून ठेवला. नावं सुरू झाली. केवढी ती नावं! चहावाल्याचं, ड्रायव्हरचं, सगळ्यांची. आवडी पुटपुटली, "माझ्या भावाचं नाय." मग पडदा काळा झाला.

आणि घाट दिसला. तीच मोडकी गाडी. आता आत नवरदेव, शेजारी नवरी, मागे दोन पोरं. समोरून भारा येतोय. भाऱ्याखाली नाना! नवरदेव काही विचारतच नाही, नुसते हात जोडतो. नाना भारा खाली ठेवतो. गाडीकडे बघतो. पोरांकडे बघतो. मग सावकाश, अगदी सावकाश, मिशीला पीळ भरतो, आधी उजवीकडून, मग डावीकडून. एवढ्या मोठ्या पडद्यावर मिशीशिवाय दुसरं काही नाही!

"आठ वर्सं झाली," पडद्यावरचा नाना म्हणतो, "आजून हितंच?"

थेटर कोसळायचं तेवढं राहिलं! शिट्ट्या काय, टाळ्या काय! कुणी खुर्चीवर उभं राहिलं. आवडी नानाला कोपराने ढोसत होती. "अवो, बगा, बगा किती देखनं दिसताय!" म्हणाली आणि शेजारी वळून बघितल्यावर तिने जीभ चावली. अंधारात नानाचा हात आपोआप ओठावर गेला होता. तिथे दीड दिवसाचे खुंट होते. नानाला सयाजीचा राग आला, एसटीचा आला, मोरू न्हाव्याचा आला. आणि त्या सांगोलेकराची आठवण झाली तसं त्याने उपरणं आणखी वर ओढून घेतलं.

बाहेर आल्यावर कुणीतरी ओरडलं, "नाना आलेत! आपल्यातच बसले होते!"

पोरं धावली. नानाने उपरणं सोडलं, कोट ओढून नीट केला, चेहरा हसरा केला. आणि सगळी गर्दी त्याला वळसा घालून सयाजीदादाच्या अंगावर जाऊन पडली! तीच ठेवण, तेच वळण, तीच मिशी. भरतने नानासाठी आणलेला हारही गर्दीतल्या कुणीतरी ओढून सयाजीदादाच्या गळ्यात घातला.

"मी नव्हं, मी नव्हं," सयाजीदादा दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा नाही म्हणाला. उलट मिशीला पीळ भरला!

हे मात्र नानाला सहन झालं नाही. तो गर्दीत घुसला, छाती काढली आणि ठणकावून बोलला, "चालत गेलास तर सांजपत्तूर पोचशील. हिच्यातनं गेलास तर माझ्यानं सांगवत नाय!"

पोरं चमकून वळली. सेजल नावाची एक कॉलेजची मुलगी हातातला फलक खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली.

"अय्या काका, काय नक्कल करता हो! डोळे मिटले तर अगदी नानाच! फक्त मिशी हवी होती."

नानाने ओठावरच्या खुंटांकडे बोट दाखवलं.

"काका, एक काम कराल?" तिने आपला मोबाईल त्याच्या हातात दिला आणि सगळ्या पोरांना घेऊन सयाजीदादाला चिकटून उभी राहिली. "आमचा नानांबरोबर एक फोटो काढा ना!"

आवडी बघत होती, बावीस घरं बघत होती. काय करतो बिचारा! नानाने मोबाईल धरला, एक डोळा मिटला, दोन पावलं मागे सरला, एक पाऊल पुढे आला आणि काढला फोटो.

तो फोटो पुढे ओंकारने आम्हाला दाखवला. पोरं छान आलीत. हार छान आलाय. सयाजीदादाही आलाय, पण फक्त गळ्यापर्यंत. त्याच्या वरचा सगळा सीन मुरारीनानाने कापला होता!