मांडीवरच्या वळ्या

आमच्या कामतघर भागात कुणाकडे बाळ झालं की लोक नाक आईचं की बापाचं ते बघतात. आमचे शेजारी बाळारामकाका दुपटं वर करून थेट मांड्या बघतात. वळ्या दिसल्या तर बाळ पास.

काकांचं सुताचं गोदाम आहे. गोणी तोलायच्या काट्यावर गल्लीतली निम्मी बाळं चढून आलीत. खाली मऊ चादर, दोन्ही हात पसरून काका उभे, आणि आकडा वाचायला हमाल. आकडा पसंत पडला नाही की बाळाच्या आईची खैर नाही. "बाय, माल हलका हाय! वळी पडली पायजे, वळी!" काट्यामागे नातवाचा, बंटीचा, तान्हेपणीचा फोटो लावलाय. मांड्या नुसत्या बघत राहाव्यात अशा!

आमचा ओम चांगल्या वजनाचा जन्मला, पण काकांच्या मते हलकाच. एक दिवस ते पावडरच्या दुधाचा डबाच घेऊन आले. "बाय, झोपला तरी पाज." माझी बायको सुषमा नको-नको म्हणाली, पण काकांच्या आग्रहापुढे 'नको' टिकत नाही. त्यांच्या घरून एका भाकरीवर उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चौथ्या महिन्यात ओमला वळ्या पडल्या. काकांनी गल्लीभर पेढे वाटले.

लस द्यायला गेलो तर डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या. "वजन फार भराभर वाढतंय. इतक्या लहानपणी असं झालं की पुढे मूल लठ्ठ होण्याची शक्यता वाढते. भूक लागली की पाजा. त्यानं तोंड फिरवलं की थांबा."

मी तणतणत काकांकडे गेलो आणि सगळं सुनावलं. वाटलं, आता डॉक्टरांचा उद्धार होणार. काकांनी मान वळवून नुसतं आत पाहिलं. आत अकरा वर्षांचा बंटी टीव्हीसमोर बसला होता. मैदानात पोरं त्याला 'गोणी' म्हणतात, म्हणून तो खेळायला जात नाही.

संध्याकाळी ओम भुकेनं रडत होता तेव्हा काका आले. त्याला मांडीवर घेऊन बाटली त्यांनीच धरली. अर्धी संपली आणि ओमनं तोंड फिरवलं. सुषमानं माझ्याकडे पाहिलं. काकांनी बाटली खाली ठेवली.

"बंट्या पन असंच तोंड फिरवायचा, मास्तर," ते मला म्हणाले. "मी परत वळवायचो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. "काका, मायेनंच केलंत ना," मी म्हणालो.

"बंट्याला ठावं न्हाय ना ते," काका म्हणाले, आणि ओमच्या मांड्यांवर त्यांनी दुपटं नीट ओढून घेतलं.