दोरीवरच्या पिवळ्या जर्सी

सीझन तोंडावर आला होता आणि कार्लिगाच नावाचा पोरींचा फुटबॉल क्लब आहे की नाही, हे खुद्द क्लबच्या कॅप्टनलाच ठाऊक नव्हतं. कॅप्टन म्हणजे आयझार्किन. ती स्वयंपाकघरात बसून पावाला जर्दाळूचा मुरंबा फासत होती आणि कोच कुबानशी फोनवर हुज्जत घालत होती. आमच्याकडे थोरल्या पुरुषाला बाइके म्हणतात, थोरल्या बाईला एजे.

"बाइके, एकदा काय ते सांगून टाका. खेळायचंय की नाही?"

"खेळायचंय असं समज."

"म्हणजे खेळायचंय?"

"असं मी म्हटलं का? समज म्हटलं. आणि कुणाला बोलू नकोस."

"काय बोलू नको? तुम्ही काही सांगितलंच नाहीये!"

"तेच बोलू नकोस," असं म्हणून कोचनं फोन ठेवला.

अख्खा हिवाळा असाच गेला होता. कधी क्लब काराकोलला हलणार, कधी पुरुषांच्या क्लबात मिसळणार. एकदा तर क्लब व्हॉलीबॉलचा होणार असंही ठरलं, कारण व्हॉलीबॉलला माणसं कमी लागतात. क्लबचा मालक सादिरकुल, त्याची सरोवराकाठच्या आमच्या बालिकचीत मॅकरोनीची फॅक्टरी. त्याला विचारायला जावं तर तो सरोवराकडे बघायचा आणि तुमच्या आईच्या तब्येतीची चौकशी करायचा. लीगमध्ये नावं देण्याची मुदत संपत आली होती. बिश्केकच्या एका क्लबनं आयझार्किनची कागदावर सही घेऊन ठेवली होती. आज संध्याकाळपर्यंत तिनं नुसतं हो म्हणायचं होतं. आणि तिला बिश्केकला जायचं नव्हतं. बालिकचीच्या त्या वाऱ्याच्या मैदानावर ती खेळायला शिकली होती. टीममधल्या निम्म्या पोरी तिनं त्यांच्या बापांच्या विनवण्या करून गोळा केल्या होत्या. हा क्लब तिला हवा होता, बस.

"बिश्केकला जा, नाहीतर लग्न कर," तिची आई बात्मा म्हणाली, "पण माझ्या स्वयंपाकघरात असा चेहरा घेऊन बसू नकोस. दूध नासेल."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि वाऱ्याबरोबर शेजारची सायरा आत आली.

"सुयुंचू, बात्मा! सुयुंचू!"

आमच्याकडे हा शब्द ऐकला की चांगली बातमी आली समजायचं आणि आणणाऱ्याच्या हातावर आधी काहीतरी ठेवायचं. मगच बातमी ऐकायला मिळते. बात्मानं इकडेतिकडे पाहिलं, काही सापडेना, म्हणून डोक्याचा रेशमी रुमालच सोडून दिला. कोरा होता.

"आता बोल."

"तुमच्या पोरीचा क्लब चालू राहणार!"

"कुणी सांगितलं, एजे?" आयझार्किन ताडकन उठली.

"सांगायला कशाला पाहिजे? डोळे आहेत मला. फॅक्टरीमागे सगळ्या पिवळ्या जर्सी धुऊन वाळत घातल्यात. नंबरासकट! बंद व्हायच्या क्लबच्या जर्सी कोण धुतं गं?"

आयझार्किनच्या काळजात सुद्धा क्षणभर उजाडलं. पण हिवाळाभर फसलेली पोर ती. तिनं कोचला फोन लावला. लागेना. मागे वळून पाहते तर सायरा रुमालासकट पसार आणि आई कोटाची बटणं लावतेय.

"आपा," तिनं आईला विचारलं, "तू कुठे निघालीस?"

"चिनाराच्या घरी. तुमची गोलकीपर ना ती? एवढा रुमाल गेला माझा, तो काय फुकट घालवू?"

"अगं, आधी खरं आहे का ते तरी बघू!"

"खरं ठरल्यावर सगळ्यांनाच कळेल. मग मला कोण काय देणार?"

सुयुंचू फोनवर चालत नाही, त्याला जातीनं जावं लागतं. त्यामुळे बातमी निघाली ती पायीच, पण अशी निघाली की राष्ट्रीय लीगमधली सेंटरहाफ असलेली आयझार्किन मागे पडली. ती तिथे पोचली तोवर चिनाराच्या आजीनं बात्माला थर्मास देऊन टाकला होता आणि चिनाराची आत्या कोचच्या घरी धावली होती.

"आजी, ती बातमी अजून नक्की नाहीये," आयझार्किन धापा टाकत म्हणाली.

आजीचा चेहरा पडला. "मग माझा थर्मास?"

"परत मिळेल."

"कुठला मिळतोय! तुझ्या आईला मी लहानपणापासून ओळखते. नक्की आहे म्हण, बाई. नक्की असलेलंच बरं."

कोचच्या दारात तर कुबान स्वतःच हात पसरून उभा. "अभिनंदन, कॅप्टन!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बायकोनं. तिला चिनाराच्या आत्यानं. अंडी देणारी कोंबडी गेली माझी, पण म्हटलं जाऊ दे, दिवस कोणता आहे!"

"बाइके, तुम्ही कोच आहात! बातमी तुमच्याकडून आम्हाला यायची असते!"

"तेच तर! हिवाळाभर मला कुणी काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी येऊन सांगितलं, तर ते पण खोटं म्हणतेस?"

"दोरीवरच्या जर्सी बघून उठवलंय हे सगळं. लोकांना आवरा."

कुबाननं आवाज खाली आणला. "आणि कोंबडी? आत्तापर्यंत सोलली असेल तिनं."

आयझार्किननं कपाळावर हात मारून घेतला. बातमी खोटी ठरली तर अर्ध्या बालिकचीला घेतलेली वस्तू परत करावी लागणार होती. त्यामुळे ती खोटी आहे असं मानायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी ती सरळ फॅक्टरीत गेली.

मागच्या अंगणात जर्सी खरंच फडफडत होत्या. सादिरकुल त्यांच्याखाली उभा राहून कापड चाचपत होता.

"ये पोरी. आई बरी आहे ना?"

"आई गावभर धावतेय, बरीच असणार. बाइके, जर्सी कशाला धुतल्या?"

सादिरकुलनं सरोवराकडे पाहिलं. सरोवर फॅक्टरीच्या भिंतीआड होतं, तरी पाहिलं. "पॅकिंगच्या बायकांना देणार आहे. उन्हाळ्यात घालतील. कापड टिकाऊ आहे."

"आणि क्लब?"

"उद्या जाहीर करणार होतो. बंद करतोय. मलाही वाईट वाटतं, पण काय करणार? तू समजूतदार म्हणून तुला आधी सांगितलं. बाकीच्या पोरींना तूच सांग, तुझं ऐकतात त्या."

आपल्याला कुणी समजूतदार म्हटलं की पाठोपाठ ओझं येतं, हे आयझार्किनला पाठ झालं होतं. ती फाटकापाशी येऊन रडली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणायची सोय होती, पण रडलीच. मग नाक पुसून तिनं बिश्केकला फोन लावला आणि म्हणाली, "येते मी."

"वा!" तिकडचा मॅनेजर म्हणाला. "कागद लीगकडे पाठवतो. थांबा... गेला!"

ती फोन खिशात घालते न घालते तोच फाटकाशी गाडी थांबली. आधी दोन पांढऱ्या दाढीचे म्हातारे उतरले. मग सादिरकुलची आई कालबूबू आपा. आणि शेवटी, अंगात कधी न पाहिलेलं मखमली जाकीट घालून, बात्मा. थर्मासावर तिचं समाधान झालं नव्हतं. ती थेट मालकाच्या आईकडे सुयुंचू मागायला गेली होती. त्याच्या आईला आधीच माहीत असेल अशी शंका तिला शिवली सुद्धा नाही. पोरं आईला कधी काही सांगतात का?

सगळे मागच्या अंगणात शिरले आणि कालबूबू आपांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सादिरकुल, तोंडानं सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"काय, आपा?"

"क्लब ठेवलास ते! इतकी वर्षं झाली, कुणी माझ्या दारात तुझं नाव घेऊन येतं ते तक्रारच घेऊन येतं. आज पहिल्यांदा एक बाई हसत आली. मेंढी कापायला सांगून आलेय मी."

पॅकिंगच्या बायका दारात जमल्या. कोच आला, चिनारा आली, बाकीच्या पोरी आल्या. सादिरकुलनं दोरीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "आपा, त्याचं असं आहे—"

पण म्हाताऱ्यांनी ओंजळी वर केल्या होत्या. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद चालू असताना आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. "या क्लबच्या मालकाचं घर भरलेलं राहो," थोरला म्हातारा म्हणाला, "पोरींच्या पायांत बळ येवो, आणि त्या काराकोलवाल्यांची जिरो!" सगळ्यांचे हात वर होते. सादिरकुलचे खाली होते. कालबूबू आपांनी त्या हातांकडे नुसतं पाहिलं. हात हळूहळू वर गेले, तोंडावरून फिरले आणि तो पुटपुटला, "ओमिन."

ओमिन म्हटलं की संपलं. त्यानंतर मागे फिरलेला माणूस बालिकचीत तरी कुणी पाहिलेला नाही. पोरींनी किंचाळत एकमेकींना मिठ्या मारल्या, कोचनं टोपी उडवली आणि ती वाऱ्यानं रस्त्यापलीकडे नेली.

"ऐकलंस का गं?" बात्मा नाचत लेकीपाशी आली. "आणि तू रडतेस काय?"

"आपा, मी बिश्केकला हो म्हणून बसले."

"कधी?"

"आत्ताच. सादिरकुल बाइकेंनी मला सांगितलं होतं, क्लब बंद करतोय म्हणून."

बात्मा खालीच बसली. "अगं करंटे! अख्ख्या गावानं खोट्यावर विश्वास ठेवला आणि खरं करून घेतलं. तुला एकटीलाच कुठे खरं विचारायला जायची हौस आली!"

आयझार्किननं पुन्हा फोन लावला. "तो कागद परत घेता येईल का?"

"छे! तुमचं नाव लीगमध्ये चढलं सुद्धा," मॅनेजर अभिमानानं म्हणाला. "आमच्याकडे सगळं वेळच्या वेळी असतं."

सीझनचा पहिला सामना बालिकचीतच झाला: कार्लिगाच आणि बिश्केक. आयझार्किन निळ्या जर्सीत मैदानावर आली तेव्हा समोरून चिनारानं हात केला, आणि पंचाला दिसेल म्हणून पटकन खाली घेतला. बात्मा मखमली जाकीट घालून पहिल्या रांगेत बसली होती. अर्थातच कार्लिगाचच्या बाजूला.

"तिच्या डावीकडून जा गं!" बात्मा पिवळ्या पोरींना ओरडून सांगत होती. "डावा पाय कच्चा आहे तिचा! मी आई आहे, मला माहीत आहे!"

पोरी डावीकडून गेल्या. आयझार्किननं जीव तोडून पाय घातला, पण आईचं म्हणणं खरंच होतं. बॉल तिला चुकवून पुढे गेला, पिवळ्या जर्सीतली एक पोर धावत आली आणि तिनं तो जाळीत मारला.

"गोल!" आयझार्किन दोन्ही हात वर करून ओरडली.

बिश्केकच्या कोचनं तिला लगेच बाहेर बोलावलं. ती निमूटपणे येऊन बाकावर बसली, आणि पुढचा गोल झाला तेव्हा तिनं तोंडावर हात दाबून धरला.