आधी सायलेन्सर, मग ब्रेक

गाड्यांच्या बाबतीत मला अक्कल शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! धंद्याने मी दातांचा डॉक्टर, पण तो पोटासाठी. आतून मी पक्का रेसर! म्हणूनच तर पन्नाशीच्या तोंडावर मी एक जुनी, लालभडक, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. घेतल्या दिवशीच घरात परिषद भरली. विषय एकच : गाडीत पहिली सुधारणा कोणती करायची?

बायको शाळेत विज्ञान शिकवते. चष्मा पुसता पुसता तिने निकाल देऊन टाकला.

"टायर आणि ब्रेक. टायर पार गुळगुळीत झालेत. आणि ब्रेक दाबला की तुमची गाडी आधी विचार करते, मग थांबते."

"अगं, स्पोर्ट्स कार काय थांबायला घेतात?"

"अहो, पळणारी प्रत्येक वस्तू कधी ना कधी थांबतेच. कशावर आदळून थांबायचं, एवढंच आपल्या हातात असतं."

मेव्हणा माझ्या बाजूचा. हा इतका भरधाव बोलतो, की घरात त्याला सगळे टर्बोच म्हणतात.

"भावजी, सायलेन्सर! चांगला मोठ्या तोंडाचा! आपण गल्लीच्या टोकाला असतानाच लोक बाजूला व्हायला पाहिजेत. सगळे बाजूला झाल्यावर ब्रेक लागतोय कशाला?"

या युक्तिवादापुढे विज्ञान काय टिकणार! मी बायकोला "बरं बाई, ब्रेक तर ब्रेक" म्हणालो आणि टर्बोला हळूच डोळा मारला.

बेत असा होता : मंगळवारी सकाळी टर्बोने नवा सायलेन्सर बसवलेली गाडी गॅरेजमधून आणून दवाखान्याखाली उभी करायची, मी दोन मिनिटं खाली उतरून आवाज ऐकायचा. बायको तेव्हा शाळेत. कुठे फट म्हणून नाही!

फट एकच होती, आणि ती घरमालकांच्या दाढेला होती. त्याच सकाळी ते रूट कॅनॉलला यायचे होते, हे मी साफ विसरलो.

आमचे घरमालक म्हणजे किडकिडीत, अबोल गृहस्थ. जगात त्यांना दोनच गोष्टींची धास्ती : दातांच्या मशीनची आणि भाडेकरूंची. माझ्या दवाखान्याचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि कोपऱ्यावरचा चष्मेवाला त्या जागेवर डोळा ठेवून होता. (त्याचा धंदाच तो!) तेव्हा दाढ अशी दुरुस्त करायची, की मालकांनी नंतर तोंड उघडलं तर ते फक्त 'हो' म्हणायलाच, असा माझा निश्चय होता.

मी इंजेक्शन देऊन त्यांचं डावं अंग, म्हणजे तोंडापुरतं, बधिर केलं. दाढेभोवती चिमटा लावून तोंडावर निळं रबर ताणून बसवलं. या कामात ते बसवावंच लागतं. नाकाखाली सगळा माणूस निळा दिसतो, एवढंच.

"काका, आता थोडासा आवाज होईल. अजिबात घाबरायचं नाही हं!"

मी मशीन दाढेला टेकवलं, पायाने बटण दाबलं आणि...

ढर्रर्रर्र! फाट! फाट! फाटाक!

काचा थरथरल्या. ट्रेमधली अवजारं उड्या मारू लागली. पत्र्याच्या छपरावरून रोडरोलर पळत सुटावा तसा तो आवाज! क्षणभर मलाही वाटलं, दाढ फुटली. मालकांची तर खात्रीच पटली, की जबडा गेला! ते खुर्चीतून उडाले, माझ्या काखेखालून निसटले आणि गळ्यात बांधलेल्या रुमालासकट जिना उतरले.

खाली टर्बो मोठ्या प्रेमाने एक्सिलरेटर दाबत होता. समोरून निळ्या तोंडाचा माणूस हातवारे करत आला.

"आआ! आ बा बा आ!"

"भावजी!" टर्बो खालून किंचाळला. "हे तर निळे पडलेत!"

"अरे, ते रबर आहे!" मी खिडकीतून ओरडलो.

त्या गडगडाटात त्याला ऐकू गेलं, 'मरणार आहे'. पोरगा तसा मनाचा चांगला! त्याने मालकांना उचलून सीटवर टाकलं, पट्टा आवळला आणि गाडी हॉस्पिटलच्या दिशेने सोडली.

आणि मला आठवले ब्रेक!

काउंटरवरच्या ताईंकडे मी त्यांच्या स्कूटरची किल्ली मागितली. "मी माझी स्कूटर कुणालाही देत नाही. मागे बसा!" असं म्हणून त्या स्वतःच निघाल्या. मी मास्क, हातमोजे, वर त्यांच्या मुलीचं फुलाफुलांचं हेल्मेट. वाट कुणाला विचारावी लागली नाही. आवाज होताच की!

टर्बोने हॉस्पिटलच्या फाटकापाशी ब्रेक दाबला. गाडीने नेहमीप्रमाणे विचार केला. विचार पुरा होईपर्यंत समोर मळक्या चादरींनी भरलेली ढकलगाडी आली. भस्स! आम्ही पोचलो तेव्हा आधी चादरींचा डोंगर दिसला, मग त्यातून वर आलेलं एक निळं तोंड. दोघांनाही साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

पण आत डॉक्टरीणबाईंनी रबर काढलं आणि त्या दचकल्या. "डावा ओठ हलत नाही! जीभ जड झालीय! कधीपासून?"

"थांबा!" मी धापा टाकत आत घुसलो. "ते मीच केलंय!"

वॉचमनने माझी कॉलर धरली.

ती सुटेपर्यंत बायको हजर. ताईंनी फोनवर "सर हॉस्पिटलमध्ये" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे ती रडवेली होऊन आली. मी धडधाकट आहे हे पाहिल्यावर तिने डोळे पुसले. मग खिडकीतून गाडी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"ब्रेक बरेच मोठ्या तोंडाचे बसवलेत!"

आता एकच उरलं होतं. मालकांची जीभ वळायला लागली, की ते मला दवाखान्याबाहेर काढणार! मी त्यांच्या पलंगाशी खाली मान घालून उभा राहिलो.

"डॉक्टर," अखेर ते अडखळत म्हणाले, "करार नवा करू."

"काय?"

"अहो, जन्मभर लोकांना 'जरा सरका, जरा सरका' म्हणत आलो. कुणी सरकत नाही. आज अख्खा रस्ता माझ्यासाठी बाजूला झाला!" त्यांचा उजवा ओठ हसत होता, डावा अजून तयारीत होता. "पण दर रविवारी मला फिरवून आणायचं. सायलेन्सर राहू दे. टायर आणि ब्रेक मात्र उद्याच्या उद्या बदला. आणि गाडी तुमच्या सौभाग्यवती चालवतील. तुम्ही नाही, आणि तो तर नाहीच नाही!"

टायर बदलले, ब्रेक बदलले. गाडी आता वळणावर जराही घसरत नाही, पाय टेकवताच जागच्या जागी थांबते. निदान बायको आणि मालक रविवारी फिरून आल्यावर तसं सांगतात. सीटा दोनच ना! मी फाटक उघडायला असतो.

आणि खोटं कशाला सांगू, फाटक माझ्याइतक्या वेगाने उघडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे!