दुप्पट भाषा भत्ता

सीमेलगतच्या त्या बुटांच्या कारखान्यात मजुरी जोडामागे मिळे, पण दर हात बघून नव्हे, तोंड बघून ठरे. बुटाचं वरचं कातडं शिवणाऱ्या बाई पलीकडून आलेल्या. त्यांचा टाका कधी उसवला नाही. इथली भाषा बोलताना जीभ मात्र अडखळायची. म्हणून त्या तिसऱ्या श्रेणीत. त्यांची शिवण तपासणारा पहिल्या श्रेणीत होता, कारण तो ‘उत्तम’ हा शब्द उत्तम उच्चारत असे.

बाईंच्या आईला काचबिंदू झाला होता. ऑपरेशनला उशीर झाला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिसऱ्या श्रेणीत ऑपरेशन बसत नव्हतं. बाईंनी कंबर कसली. पाय मशीनवर आणि ओठांवर धडे, असं करत त्या भाषेच्या परीक्षेत पहिल्या आल्या.

“अभिनंदन!” साहेब म्हणाले. “आता तुम्हाला मजुरीच्या दुप्पट भाषा भत्ता! आणि एवढी गोड भाषा मशीनच्या खडखडाटात कशाला वाया घालवायची? उद्यापासून नव्या कामगारांना नियम समजावून सांगा.”

महिनाअखेरीस पाकीट रिकामं.

“साहेब, माझा भत्ता?”

“दिला की. शिवलेल्या जोडांच्या मजुरीच्या दुप्पट.”

“अहो, पण मला मशीनवरून तुम्हीच उठवलंत. मी एकही जोड शिवला नाही.”

“म्हणून शून्याची दुप्पट. हिशेब चोख आहे.”

“मग मला परत मशीनवर बसवा.”

“छे! पहिल्या श्रेणीला अंगमेहनत देणं म्हणजे भाषेचा अपमान.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटून त्या कडाडल्या, “तुमच्या भाषेचा मान राखता राखता माझी आई आंधळी होतेय! मला भत्ता नको, माझ्या हातांना काम द्या!”

साहेबांचे डोळे पाणावले.

“वा! एकही चूक नाही! पुन्हा एकदा म्हणा, रेकॉर्ड करून घेतो.”

ते रेकॉर्डिंग आता नव्या कामगारांना आदर्श नमुना म्हणून ऐकवतात. त्याचा अर्थ बाईच समजावून सांगतात, अर्थात पहिल्या श्रेणीत. आई आता लेकीला आवाजावरूनच ओळखते.

आणि वाचकहो, खरं सांगा. बाहेरची असून बाई बोलते मात्र झकास, असं तुमच्याही मनात येऊन गेलंच ना?