आधी कमजोर बाजू

सिनेमाची पारख करावी तर मीच! तापीकाठच्या आमच्या अख्ख्या लालबागेत कोणालाही विचारा. मित्रांच्या ग्रुपवर माझं परीक्षण आल्याशिवाय कोणी तिकीट काढत नाही. माझी पद्धतही ठरलेली: पहिल्या व्हॉइस मेसेजमध्ये कमजोर बाजू, दुसऱ्यात जमेच्या. आधी झोडायचं, मग गोंजारायचं!

त्या रविवारी एका परदेशी महानायकाचा उतारवयातला वेस्टर्न पाहिला. तोच घोडा, तीच बंदूक, नायक मात्र सत्तरीपार! मी तावातावाने मेसेज ठोकला, "म्हातारा घोड्यावर चढत नाही, चढवावा लागतो! घोड्याची दया येते! आणि शेजारची बाई? छे, अजिबात शोभत नाही!"

लगेच ज्योत्स्नाचा फोन. आमचा साखरपुडा त्याच आठवड्यात होता.

"तू हे काय पाठवलं? बाबा जेवत नाहीयेत, आई आरशासमोरून हलत नाहीये! शादी कॅन्सल समझ!"

मी ग्रुपचं नाव नीट पाहिलं! मेसेज सासरच्या नव्या ग्रुपवर गेला होता. होणारे सासरे शालिग्रामजी, जैनाबादचे केळीचे बागायतदार, गुरुवारीच एकसष्टीच्या मिरवणुकीत घोडीवर बसले होते. शेजारी बग्गीत सासूबाई!

घाईघाईने जमेच्या बाजू पाठवायला गेलो, तोवर मला ग्रुपमधून काढून टाकलेलं! मग काय, गाडीला किक मारली आणि तापीचा पूल ओलांडून थेट जैनाबाद.

"काय पाहुणे, बुढ्ढ्याकडे कसं येणं केलं?" सासरे तोंड फिरवून म्हणाले.

"बाबा, ते सिनेमातल्या नटाबद्दल होतं!"

"हो का? मग लाव तो सिनेमा. तसा म्हातारा त्यात नसला तर साखरपुडा कॅन्सल!"

लावला. नायक स्टुलावरून घोड्यावर चढला. सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. शेवटी नायकाने बंदूक न काढता खलनायकाकडे नुसतं रोखून पाहिलं, आणि त्याच्या हातातलं पिस्तूल गळून पडलं. सासरे ताडकन उठले, "वा रे पठ्ठ्या! अन् ह्याला तू कमजोर म्हणतो?"

"नाही बाबा, हे दुसऱ्या मेसेजात होतं!"

"मग ते पहले पाठवायचं ना भाऊ!"

सुटलो! लग्न ठरल्याप्रमाणे झालं. वरातीत मी त्या नायकाच्या थाटात घोडीवर झेप घेतली आणि पलीकडे बँडवाल्याच्या ढोलावर उतरलो. चौघांनी उचलून बसवलं.

सकाळी ग्रुपवर (मला परत घेतलं होतं) सासऱ्यांचा व्हॉइस मेसेज आला: "जावई घोडीवर चढत नाहीत, चढवावे लागतात. घोडीची दया आली. शेजारची मुलगी मात्र शोभते!"

लग्नाला आता वर्ष होईल. जमेच्या बाजूंचा मेसेज अजून आलेला नाही.