अडीच तास मागे

“ताट उचल म्हन्तो ना! बारा वाजल्याबिगर मी तोंडात घास घालनार न्हाई.”

शांतवन मिस्त्री ओरडत होता. समोर त्याची बायको भरलं ताट धरून उभी. शेजारधर्म म्हणून मी कुडावरून डोकावलो. माझ्या घड्याळात दोन वाजले होते.

“मिस्त्री, दोन वाजून गेले.”

“तुमच्याकडं,” तो म्हणाला. “कुवेतला साडेअकरा.”

आता खुलासा केला पाहिजे. मिस्त्री कुवेतला नव्हता. कधी गेलाही नव्हता. श्रीरामपूरकडच्या आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्यानं फक्त कुवेतच्या नोकरीसाठी अर्ज टाकला होता. एका एजंटाची जाहिरात पेपरात आली होती, माणसं पाहिजेत म्हणून. अर्ज पोस्टाच्या पेटीत पडला त्याच दिवशी त्यानं फळीवरचं गजराचं घड्याळ अडीच तास मागं घेतलं. हा फरक त्यानं शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा वदवून घेतला होता.

“अंगाला सवय नगं का?” तो म्हणे. “तिथं उतरायचं आन् भूक भलत्याच टायमाला लागायची. काय इज्जत ऱ्हाईल कारखान्याची?”

मी कारखान्याचा टाइमकीपर. पाचशे माणसं माझ्या घड्याळावर उठत-बसत होती, आणि माझ्याच शेजारी हा परदेश नांदत होता. ड्यूटीला मात्र तो भोंग्यावर हजर. “भोंगा कारखान्याचा, घड्याळ माजं,” असा त्याचा हिशेब. देवळाच्या बाबतीत तो हिशेब चालेना. रविवारी लोक शेवटचं आमेन म्हणून चपला शोधत बाहेर यायचे, तेव्हा हा भांग पाडून आत शिरायचा. पाद्रीसाहेब सज्जन. त्यांनी एकदाच विचारलं, “शांतवन, प्रभूसुद्धा तुमच्यासाठी अडीच तास थांबतो का हो?” मिस्त्री म्हणाला, “त्यो सगळीकडंच हाय, पाद्रीसाहेब. त्याला काय घाई?”

कामावर मात्र तो राजा होता. मिस्त्री पॅनमन. उसाचा रस आटून आटून पाक होतो, तो पाक ज्या अवाढव्य भांड्यात उकळून साखरेचा दाणा धरतो, ते पॅन. दाणा कधी पडला, किती वाढला, पॅन कधी खाली करायचं, हे पॅनमनच्या डोळ्यावर. तो काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब पसरायचा, उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा. केमिस्टसाहेब आकडे मांडून जे संध्याकाळी सांगत, ते याला डोळा मिटेपर्यंत कळलेलं असे. पट्टी कायम खिशात. माणसांनाही तीच लावायचा. नवा इंजिनीअर आला की म्हणायचा, “दाना बारीक हाय, पर पडंल वळनी.” माझ्याबद्दल त्याचं मत होतं, “टाइमकीपर, तुमी अजून पाकच हाय.”

परदेशाचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं, तेही साखरेनंच. आमची पोती मुंबईला जाऊन बोटीवर चढतात असं त्याला कुणीतरी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, “मी पाडलेला दाना दर्या वलांडून जातोय, आन् मी मनमाडच्या म्होरं गेलो न्हाई. कसा असंल हो त्यो मुलूख? मानसं दात कशानं घासत असतील?”

तयारी घड्याळावर थांबली नाही. वैशाखात, जेव्हा आमच्याकडे कावळे विजेच्या खांबाच्या सावलीसाठी रांग लावतात, तेव्हा हा लग्नातला लोकरी कोट घालून दुपारचा कॉलनीला फेऱ्या मारायचा. तिसऱ्या दिवशी घेरी येऊन माझ्याच दारात पडला. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, “कुवेतची मानसं पन आशीच पडत्यात का?” हज करून आलेल्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याकडून त्यानं चार अरबी शब्द मिळवले आणि ते एस.टी.च्या कंडक्टरवर वापरून पाहिले. कंडक्टरनं त्याला कोपरगावचं तिकीट दिलं.

या सगळ्यात त्याची बायको काही बोलत नसे. सुमतीबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे, आणि मिस्त्रीही सिस्टरच म्हणे. पोरबाळ नव्हतं, दोघंच. ती पहाटे कामावर जायची, दुपारी यायची. त्या घेरीच्या दिवशी तिनं त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि म्हणाली, “अहो, कुवेतला दवाखाना असेल, पण मी नसेन.” एवढंच.

आणि एक दिवस मुंबईहून बोलावणं आलं.

आम्ही तिघं गेलो. मला इंग्रजी येतं असा मिस्त्रीचा समज होता, तो मी कधी मोडला नव्हता. सिस्टर डबा घेऊन आली होती, कारण बाराला, म्हणजे अडीचला, त्याला जेवायला लागणार. एजंटाच्या खोलीबाहेर वेल्डर, सुतार, आचारी अशी ही रांग. मिस्त्रीचा नंबर आला. त्यानं खिशातून पट्टी काढली, बाटलीत आणलेला पाक पसरला आणि एजंटाच्या नाकासमोर धरली.

“बगा दाना.”

एजंटानं पट्टीकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं. “साखरेचं काम करता? अहो, तिथं साखर कारखाना नाही.”

“बांधनार असतील.”

“कशाला बांधतील? ऊस कुठंय तिथं?”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. खरं सांगतो, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. कॉलनीतल्या पाचशे जणांत एकालाही पडला नव्हता. आमच्याकडे पोरगं रांगत बाहेर आलं तर उसाच्या सरीत जातं. ऊस नसलेला देश आम्ही कुठून कल्पावा?

“येवडासा बी न्हाई?” मिस्त्रीनं विचारलं.

“एक कांडं नाही.”

“म्हंजे आपल्या दुष्काळी पाथर्डीवानी म्हना.” तो विचारात पडला. “पर पाथर्डीची मानसं ऊस तोडाया तरी येत्यात आमच्याकडं.”

एजंट तसा बरा माणूस. हसला नाही. निदान फॉर्म तरी पुरा करावा म्हणून त्यानं विचारलं, “घरी कोण? बायको काय करते?”

“मिशनच्या दवाखान्यात सिस्टर हाय. बारा वर्सं. ती काय, भाईर डबा घिऊन बसलीय.”

एजंटानं पेन खाली ठेवलं. “तिला आत बोलवा,” तो म्हणाला.

दहा मिनिटांत एजंटानं तिलाच नोकरी देऊ केली. दोन वर्षांचा करार, सरकारी इस्पितळ. एजंट विनवत होता आणि सिस्टर एकच वाक्य म्हणत होती, “मला नाही जायचं, मी डबा घेऊन आलेय.” विचार करून कळवतो असं मीच सांगितलं आणि दोघांना बाहेर काढलं.

परतीच्या गाडीत मिस्त्री मनमाडपर्यंत काचेची पट्टी पुसत बसला. मला वाटलं, पुरुषासारखा पुरुष, चारचौघांत मान खाली गेली, आता घरी जाऊन घड्याळ फोडणार. मनमाडला गाडी बदलायला उतरलो. फलाटावरच्या बाकावर तो टेकला आणि म्हणाला, “सिस्टर, तू जा.”

“आणि तुमच्या भाकरीचं?”

“येवडा पाक उकळतो मी. भाकर काय जड हाय?”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचा दाना बारीक हाय,” तो म्हणाला. मग रुळांकडे बघून, “दोघांतल्या येकानं तरी बगावं. तू बग. समदं बग. आन् लिवून धाड मला, दात कशानं घासत्यात त्ये बी.”

ती गेली. ट्रंकेत त्यानं आपल्या पॅनची पावशेर साखर बांधून दिली. कॉलनीनं महिनाभर टर उडवली. “काय मिस्त्री, नवरा चुलीशी आन् बायको दर्यापार?” तो म्हणे, “व्हय. तुमची कुठवर गेली? राहात्याच्या बाजारापत्तोर?”

पत्रं येऊ लागली. ती तो माझ्याकडून वाचून घ्यायचा, वाचता येत असूनही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ती बोलल्यासारखी वाटते, म्हणे. दात ब्रशनं घासतात. पाणीसुद्धा समुद्राचं गोड करून पितात. तिची ड्यूटी तिथल्या दुपारी तीनला सुटते. साखर बाहेरून येते, दाणा फार बारीक.

“बारीक!” तो खूश झाला. “पॅनवर कच्चा मानूस हाय कुनीतरी.”

एके दिवशी संध्याकाळी पाचला मी त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा केला होता. मला कप दिला, आपल्या कपावर बशी झाकली आणि बाजूला ठेवला. फळीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. माझ्यातला टाइमकीपर जागा झाला.

“मिस्त्री, आता तुम्हाला कुठं जायचंय? लावा की ते घड्याळ नीट. आणि चहा घ्या, गार होतोय.”

“हुंद्या,” तो म्हणाला. “ती अजून वार्डात हाय.”