तगरीवरचे पाहुणे

राइट टाउनातल्या मराठी मंडळाच्या देवळातल्या गणपतीला रोज तगरीची फुलं मुरलीधररावांच्या अंगणातली, हा त्यांचा जुना मान. यंदा शेजारच्या शैलेंद्रची तगर अशी बहरली, की मंडळानं फुलांची टोपली त्याच्याकडे धाडली. मुरलीधररावांच्या अंगाची लाही लाही झाली.

"काहून दिवसभर खिडकीत उभे राहता?" त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी विचारलं.

"त्याची तगर कधी सुकते ते पाहून राहिलो."

सुकली नाही. उलट मुरलीधररावांच्याच तगरीवर अळ्या पडल्या, बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, मानेवर निळ्या ठिपक्यांचे डोळे वटारलेल्या. औषध आणायला निघालेले मुरलीधरराव फाटकातच थबकले. शैलेंद्र सहकुटुंब तिलवाऱ्याच्या घाटावर फिरायला गेला होता. त्यांनी अळ्या सुपात गोळा केल्या आणि शेजारच्या तगरीवर नेऊन सोडल्या.

थोड्याच दिवसांत तिच्या नुसत्या काड्या उरल्या. अळ्या खाऊनपिऊन पाचोळ्यात गडप झाल्या आणि टोपली मुरलीधररावांच्या दारात परत आली. त्यांना खूप दिवसांनी शांत झोप लागली.

पुढे एका सकाळी शैलेंद्रकडे गर्दी जमली. भिंतीवर मोठाले पतंग बसले होते, हिरव्या पंखांवर गुलाबी-पांढऱ्या लाटा, जणू फौजी वर्दी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी अवंती पेपरच्या बातमीदाराला घेऊन आली होती.

"हे तगर नाहीतर कण्हेरीवरच वाढतात," ती सांगत होती. "काकांनी झाड खाऊ दिलं, औषध नाही मारलं. खरे निसर्गप्रेमी."

शैलेंद्र लाजून म्हणाला, "अपना क्या, जीव आहे बिचारा."

मुरलीधररावांना हे सोसवेना. "अळ्या माझ्या होत्या. मीच सोडल्या त्याच्या झाडावर."

"जगाव्यात म्हणून?" अवंतीनं विचारलं.

"मग काय."

"अच्छा," शैलेंद्र म्हणाला, आणि आपल्या काड्यांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचा फोटो आला. मुरलीधररावांनी तो फ्रेम करून दारासमोर लावला. पतंगांनी मात्र आसपास पानं असलेली एकच तगर शोधली आणि तिच्यावर अंडी घातली. अळ्या निघाल्या तशी निम्मी कॉलनी त्या पाहायला यायला लागली. मुरलीधरराव सगळ्यांना हसून माहिती देत, आणि घरात येऊन नव्यानं आणून ठेवलेल्या औषधाच्या बाटलीकडे बघत बसत.

शैलेंद्रच्या काड्यांना एव्हाना नवी पालवी फुटून कळ्या धरल्या होत्या. मंडळाची टोपली हातात घेऊन तो कुंपणापाशी आला.

"भैया, तुमची तर पार काडी झाली. औषध काहून नाही मारत?" त्यानं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "हां, तुम्ही कसे मारणार."